पाऊण इंच

कारखान्यात त्याला सगळे 'वाढीव' म्हणत. ऐकणाऱ्याला ती चेष्टा वाटायची, पण त्या नावात चेष्टा कमी आणि धंदा जास्त होता. तो पॅटर्न शॉपमधला मिस्त्री. म्हणजे सुतारच, पण खुर्च्या-टेबलं करणारा नव्हे. इंजिनाचा जो भाग धातू ओतून करायचा असेल तो आधी हा लाकडात हुबेहूब करायचा. मग फौंड्रीवाले ते लाकूड वाळूत दाबून साचा घ्यायचे आणि साच्यात रस ओतायचे. आता ओतीव पोलाद निवताना अंग चोरतं, फुटामागे पाव इंच आकसतं. म्हणून लाकूड तेवढं मोठं ठेवावं लागतं, आणि दर मापाला हिशेब करत कोण बसणार? त्यासाठी ह्या लोकांकडे एक खास घडीची पट्टी असते. आकडे नेहमीचेच, पण प्रत्येक इंच जरा सढळ हाताचा. जिथे बारा लिहिलेले असतात तिथे खरे असतात सव्वाबारा. तिला म्हणायचं वाढीव पट्टी. ती आयुष्यभर त्याच्या डाव्या खिशातून डोकावत राहिली आणि नाव पट्टीवरून माणसावर गेलं.

साधी पट्टी उजव्या खिशात. डावी ओतकामाची, उजवी बाकी जगाची, असा त्याचा कायदा. वाढीव पट्टीच्या टोकाला त्यानं लाल रंग लावून ठेवला होता, चुकून हिची तिला व्हायला नको म्हणून. 'मापात पाप नको' हे वाक्य तो इतक्यांदा म्हणायचा की शॉपमधले लोक त्याच्याआधीच ते म्हणून मोकळे होत. माणूस वाईट नव्हता. पण स्वतःच्या मापावर त्याचा जेवढा विश्वास होता तेवढा कोणी देवावरही ठेवू नये.

त्याच्या आयुष्यात पट्ट्यांखेरीज एकच गोष्ट होती, धाकटा भाऊ.

आईवडील पाठोपाठ गेले तेव्हा वाढीव मिस्त्री कारखान्यात उमेदवारी करत होता आणि धाकटा पाटीवर अक्षरं गिरवत होता. नातेवाईक आले, हळहळले, चहा पिऊन गेले. ह्यानं भावाला आंघोळ घालायला शिकून घेतलं, भात न करपवता शिजवायला शिकून घेतलं, आणि कपड्यांच्या दुकानात जाऊन 'वाढत्या अंगाचा द्या' म्हणायला शिकून घेतलं. त्यामुळे धाकट्याचं सगळं लहानपण सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडण्यात गेलं. तक्रार केली की दादा म्हणायचा, "सदरा मोठा असला की माणूस त्यात वाढतो." शाळेत पंच्याऐंशी मार्क पडले की विचारायचा, उरलेले पंधरा कुठे सांडून आलास. पोरगं हसायचं. मुळात हसऱ्या वळणाचं होतं ते, नकला करणारं, आणि दादाच्या शब्दाबाहेर पाऊल न टाकणारं.

दादाच्या लग्नाचा विषय निघाला की तो म्हणायचा, एक पोर पदरात आहे, ते मार्गी लागू दे. पोर मार्गी लागलं. मालगाडीचा ड्रायव्हर झालं. त्याचं लग्न झालं, घरात भावजय आली, आणि दादाचं राहून गेलं ते राहूनच गेलं. घर लहान होतं. खाली स्वयंपाकघर आणि मागची खोली, वर दादाची खोली. मागच्या खोलीच्या खिडकीतून रूळ दिसायचे, दिवसभर मालगाड्या जायच्या आणि फडताळातल्या वाट्या किणकिणायच्या.

त्या सुमारास कारखान्यानं मालगाड्यांसाठी स्वतःचं नवं डिझेल इंजिन बांधायला घेतलं. तोवर बाहेरून आणलेली इंजिनं जोडण्यातच हयात गेली होती, त्यामुळे फाटकावरच्या पहारेकऱ्यापासून मोठ्या साहेबापर्यंत सगळ्यांना स्फुरण चढलं होतं. डिझेल इंजिन म्हटलं की लोकांना वाटतं, डिझेल चाकं फिरवतं. तसं नसतं. पोटातलं डिझेल नुसती वीज तयार करतं, ती वीज चाकांजवळच्या मोटरींना जाते आणि मोटरी चाकं फिरवतात. धाकट्यानं बायकोला हे एका दमात समजावलं होतं. "दादा कमावतो, तू घर चालवतेस, आणि लोक म्हणतात गाडी मी ओढतो."

लोखंड कापण्याआधी ड्रायव्हरची केबिन लाकडात उभी करायची असं ठरलं. अगदी खऱ्या मापाची, खुर्चीसकट, हँडलांसकट. आत खरा ड्रायव्हर बसवून बघायचं, त्याचा हात पोचतो का, सिग्नल दिसतो का, गुडघा कुठे आपटतो का. ते काम पॅटर्न शॉपकडे आलं. ड्रॉइंग ऑफिसच्या साहेबांनी सगळी मापं दिली होती, एक जागा मात्र मोकळी सोडली होती. बाजूच्या खिडकीची कड, जिच्यावर ड्रायव्हर कोपर टेकून बसतो. मालगाडीचा ड्रायव्हर तासन्‌तास तसाच बसतो, वळणावर बाहेर वाकून मागचे डबे बघतो. ती कड कोपराला बसली तर दिवस सुखाचा, नाही तर शिक्षा. साहेब समजूतदार होते. म्हणाले, "हे कागदावर ठरवायचं नाही. मधल्या बांध्याचा एखादा ड्रायव्हर आणा आणि त्याच्या अंगावर ठरवा."

वाढीव मिस्त्री लगेच म्हणाला, "माझा भाऊ आहे की."

पुढचे काही आठवडे दोघा भावांच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले होते. धाकटा सुट्टीच्या दिवशी झोप टाकून शॉपमध्ये यायचा आणि लाकडी खुर्चीत बसायचा. दादा भोवती फिरून मापं घ्यायचा, पटाशीनं इथे तासायचा, रंध्यानं तिथे साफ करायचा. धाकट्याला कुठला दम निघतोय? तो लाकडी हँडल ओढून तोंडानं भोंगा वाजवायचा, "पोंऽऽ". समोरून भुशाची पाटी घेऊन जाणाऱ्याला ओरडायचा, "बाजूला हो, चाळीस डबे आहेत मागे." अख्खं शॉप हसायचं. दादा दटावायचा, "पोरखेळ पुरे. सरळ बस." आणि मग पाठ करून लाकडावर वाकायचा, कारण हसू त्यालाही आवरायचं नाही. एकदा धाकटा म्हणाला, "दादा, तू पण वाजव ना एकदा." दादा म्हणाला, "मी काय खुळा आहे?"

खिडकीची कड त्यानं कोणाला हात लावू दिली नाही. भावाच्या कोपराची जागा ती, आपणच करायची. टेप धरून जमिनीपासून कोपरापर्यंत माप घेतलं, भरलं छत्तीस इंच. त्याच दिवशी पलीकडच्या बाकावर इंजिनाची चाकं धरणाऱ्या ओतीव चौकटीचं लाकूडकाम चाललं होतं आणि तो सकाळपासून ह्या बाकावरून त्या बाकावर करत होता. हातात होती ती पट्टी लावून त्यानं छत्तीसवर खूण केली, फळी कापली, बसवली, कड गोल केली आणि हात फिरवून बघितला. मखमल.

दुसऱ्या दिवशी मोठे साहेब पाहायला आले. मागे चार लोक. धाकटा इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत बसला, त्यानं कोपर कडेवर टेकवलं आणि जरासा थांबला. मग खुर्चीत थोडा वर सरकून ताठ बसला. दादाकडे बघितलं. दादा हातात टोपी धरून उभा होता, आणि त्याचा चेहरा असा होता की जणू जन्मात पहिल्यांदा कोणी त्याचा फोटो काढतंय.

"कसं वाटतंय?" साहेबांनी विचारलं.

"बरोबर आहे," धाकटा म्हणाला. "अगदी मापात आहे."

ड्रॉइंग ऑफिसची माणसं आली, त्यांनी लाकडावरून माप घेतलं आणि कागदावर उतरवलं. त्यांच्या टेपवर जे आलं ते त्यांनी लिहिलं. त्यांना काय माहीत, किती यायला हवं होतं.

मग इंजिन झालं, पण ते काही सुखासुखी झालं नाही. पहिलं इंजिन भरलेली गाडी जोडून चढावर नेलं तर चाकं जागच्या जागी गरगरायला लागली. वजन वाढवलं, रुळावर वाळू सोडायच्या नळ्या बदलल्या. मग चाकांनी पकड घेतली आणि मोटरी तापून जळाल्या. मोटरींना वारं घालणारे पंखे बदलले, पंख्यांची घरं बदलली, आणि प्रत्येक बदलाला वाढीव मिस्त्रीनं नवं लाकूड हातात घेतलं. शेवटी एका सकाळी इंजिन खनिज भरलेली गाडी घेऊन चढावर गेलं, रडतखडत, धूर ओकत, पण कुठेही न थांबता. वर पोचलं तेव्हा लोकांनी टोप्या उडवल्या. कागदावर त्या मॉडेलला एक लांबलचक नंबर होता. लोकांनी नाव ठेवलं 'म्हैस'. काळी, रुंद, कोणाच्या बापाची घाई नसलेली, आणि ओढायला लागली की ओढतच राहणारी. म्हशी एकामागून एक बाहेर पडत गेल्या. कोळसा, सिमेंट, धान्य, खत, जे जड असेल ते म्हशीच्या मागे.

ड्रायव्हर लोकांनी मात्र पहिल्याच महिन्यात बोटं मोडायला सुरुवात केली. ब्रेक चांगला, खुर्ची चांगली, पण खिडकीच्या कडेवर कोपर टेकलं की खांदा भरून येतो. "कुठल्या उंटाच्या कोपराचं माप घेतलं रे?" असं शेडमध्ये बोललं जायचं. वाढीव मिस्त्रीच्या कानावर आलं की तो छाती काढून सांगायचा, "माझ्या भावाच्या मापाचं इंजिन आहे ते. तुम्ही सगळे बुटके त्याला तो काय करणार?" झालं. धाकट्याचं नाव त्या दिवसापासून 'कोपर' पडलं. कोणी कोपरापासून नमस्कार करायचा, कोणी म्हणायचा कोपराला गूळ लावून बस, तेवढाच वेळ जाईल. धाकटा सगळ्या कोपरखळ्या हसून झेलायचा. बाकीचे ड्रायव्हर शहाणे होते. त्यांनी गोणपाटाची घडी करून बुडाखाली घ्यायला सुरुवात केली आणि प्रश्न मिटवला. धाकट्यानं कधी घडी घेतली नाही. "माझ्याच मापाचं इंजिन, आणि मीच गोणपाट घेऊ?" म्हणायचा.

गाडी घेऊन तो घरामागून जायचा तेव्हा भोंगा द्यायचा, एक आखूड आणि एक लांब. दादा घरी असला तर मागच्या खिडकीशी यायचा. चेहरा कधी दिसायचा, कधी नाही, गाडीच्या वेगावर होतं ते. कोपर मात्र दिसायचंच. कडेवर टेकलेलं, थोडं वर चढलेलं. दादा भावजयीला म्हणायचा, "बघ कसा राजासारखा बसलाय."

अशी वर्षं गेली. मग खांदा दुखायला लागला. आधी थंडीत, मग बारा महिने. धाकट्याला वरच्या फळीवरचा डबा काढता येईना. भावजय त्याला सदरा घालून द्यायला लागली, आधी दुखरा हात, मग बरा. डॉक्टर म्हणाले, हात वर्षानुवर्षं एकाच जागी चढवून ठेवल्यामुळे सांधा धरलाय. ड्रायव्हरांची तपासणी झाली, त्यात त्याचा हात खांद्याच्या वर जाईना. त्याला इंजिनावरून उतरवलं आणि शेडच्या टेबलावर दुसऱ्यांच्या ड्युट्या लावायला बसवलं. ज्या दिवशी हे झालं त्या दिवशी तो घरी येऊन मागच्या खोलीत जाऊन बसला. नकला नाहीत, हसणं नाही.

दादा वरून खाली आला. त्याला प्रेम करण्याची एकच रीत ठाऊक होती, चूक काढण्याची.

"तू वाकडा बसत असणार," तो म्हणाला. "लहानपणापासून तुला सरळ बसायची सवय नाही."

धाकटा दुखरा खांदा चोळत राहिला.

"बाकीच्यांचं दुखत असेल, त्यांचं माप वेगळं. तुझं का दुखावं? छत्तीस इंच, माझ्या हातानं घेतलंय. माप बरोबर आहे. तूच बरोबर नाहीस."

भावजय दारात ताट घेऊन उभी होती. तिनं ताट ठेवलं आणि आत निघून गेली. त्यानंतर कितीतरी वर्षं ती दादाशी कामापुरतं बोलली. दादाला वाटलं, नवऱ्याचा पगार कमी झाला म्हणून असेल. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

दादा निवृत्त झाला. नवी इंजिनं आली, शांत, पडद्यावर आकडे दाखवणारी, आणि म्हशी एकेक करून भंगारात निघाल्या. आणि ज्या वर्षी शेवटच्या काही म्हशी बाजूच्या लाइनीला नेऊन उभ्या केल्या त्याच वर्षी धाकट्याच्या छातीचं दुखणं निघालं. फुप्फुसं. डॉक्टरांनी भावजयीला बाहेर बोलावून जे सांगायचं ते सांगितलं. तिनं ते घरी येऊन दादाला सांगितलं, आणि दोघं स्वयंपाकघरात बसून राहिले. धाकटा आपल्या आधी जाईल हे दादाच्या कुठल्याच हिशेबात नव्हतं.

आडवं झालं की धाकट्याचा श्वास कोंडायचा. त्याला बसतं ठेवा, डॉक्टर म्हणाले, आणि हाताला आधार द्या, म्हणजे छाती मोकळी राहील. उशा लावून बघितल्या, त्या घसरायच्या. स्टूल लावून बघितलं, ते टोचायचं. एकदा धापा टाकता टाकता धाकटा म्हणाला, "म्हशीच्या खिडकीत बसायचो ना, तसं बसवा मला. मग बघा, कसा झोपतो."

दादा उठलाच. कितीतरी दिवसांनी त्याला काहीतरी करता येण्यासारखं सापडलं होतं. भावाला बरं करणं आपल्या हातात नाही, पण मागच्या खिडकीला इंजिनासारखी कड करणं आहे. ती इतकी नेमकी करायची की त्याला शेवटपर्यंत सुखानं बसता यावं. एवढं एक झालं पाहिजे. बाकी काही मागायचं नाही.

खिडकीची कड छत्तीस, हे पाठच होतं. पण खुर्चीची उंची आठवेना, आणि अंदाजानं काम करणारा तो माणूस नव्हे. तो टेप घेऊन भंगाराच्या लाइनीला गेला. पहारेकरी ओळखीचा निघाला. शेवटची म्हैस गंजत उभी होती, भोंगा आणि दिवे आधीच काढून नेलेले. गुडघे कुरकुरत असताना तो वर चढला. आत खुर्चीची शिवण उसवली होती. खिडकीच्या कडेवर एका जागी रंग पार उडून खालचं लोखंड चकचकीत झालं होतं, इतक्या कोपरांनी घासून. त्यानं तिथून हात फिरवला आणि त्याला भरून आलं. मग त्यानं खुर्ची मोजली आणि केवळ सवयीनं कड मोजली.

पावणेसदतीस.

टेप नीट धरला नसेल. पुन्हा धरला. पावणेसदतीस. पलीकडची खिडकी मोजली, तीही तेवढीच. तो खाली उतरला आणि शेजारच्या म्हशीवर चढला. तिथेही पावणेसदतीस.

तीन फूट. फुटामागे पाव इंच. हा हिशेब त्याला झोपेतही चुकला नसता. त्याला ती पट्टी आठवली, तिचं लाल टोक खिशात घासून घासून पुसलं गेलं होतं आणि रंग पुन्हा लावायचा तो उद्यावर टाकत होता. त्याला दोन बाकं आठवली, आणि ह्या बाकावरून त्या बाकावर करणारा, कोणालाही हात लावू न देणारा स्वतः आठवला. त्यानं जिवंत माणसाला ओतीव पोलादाच्या पट्टीनं मापलं होतं.

तो त्या फाटक्या खुर्चीत बसला आणि त्यानं कोपर कडेवर टेकलं. खांदा वर चढला. फार नाही, थोडासाच. 'तूच बरोबर नाहीस' हे स्वतःचे शब्द त्याला ऐकू आले, आणि म्हातारा माणूस हमसून हमसून रडला. पहारेकऱ्याला वाटलं, जुन्या इंजिनाचा लळा असतो काहींना.

घरी आला तेव्हा धाकटा उशांना टेकून बसला होता. दुपार होती, भावजय नळाशी भांडी घासत होती. दादा त्याच्यासमोर स्टूल ओढून बसला.

"कड पाऊण इंच वर आहे," तो म्हणाला.

धाकट्यानं त्याच्याकडे बघितलं. मग हळूच हसला. "सापडलं म्हणायचं एकदाचं."

"तुला ठाऊक होतं?"

"पहिल्याच दिवशी. टेकवल्याबरोबर कळलं."

"मग बोलला का नाहीस?"

"साहेब उभे होते." धाकटा श्वास घ्यायला थांबला. "आणि तू टोपी हातात धरून असा उभा होतास. कसं बोलायचं?"

"मग नंतर बोलायचं. घरी. लाकूडच होतं रे ते, तासलं असतं मी."

"सांगणारच होतो. पण तू तोवर गावभर करून ठेवलं होतंस. भावाच्या मापाचं इंजिन, भावाच्या मापाचं इंजिन."

"गोणपाट तरी घ्यायचं होतंस."

"घडीवर उंच बसलेला तुला मागच्या खिडकीतून दिसलो असतो."

धाकट्यानं बरा हात पुढे करून दादाच्या गुडघ्यावर ठेवला.

"तू माझे सदरे वाढत्या अंगाचे आणायचास ना," तो थांबत थांबत म्हणाला. "म्हणायचास, माणूस त्यात वाढतो. मला वाटलं, इथे पण वाढीन." मग पुन्हा हसला. "आणि खोटं कशाला सांगू, दादा, बरं वाटायचं तिथे बसलं की. खरा आहे त्याहून मी थोडा उंच आहे, असं कोणाला तरी वाटलं होतं ना."

"वाटलं नव्हतं रे," दादा म्हणाला. "चुकलं होतं."

"असू दे. मला काय ते आत्ता कळतंय?"

दुसऱ्या दिवशी दादानं काम काढलं. वाढीव पट्टी त्यानं वरच्या खोलीतच ठेवली. धाकट्याला खुर्चीत बसवून टेपनं माप घेतलं, तीन वेळा घेतलं, भावजयीला टेपचं दुसरं टोक धरायला लावून तिच्याकडून आकडा वाचून घेतला. जुन्या कपाटाची जाड फळी काढली, तासली, कड गोल केली, इतकी घासली की भावजय म्हणाली, "दादा, पुरे, आता फळी उरेल का?" ती बऱ्याच वर्षांनी त्याच्याशी असं बोलली. फळी खिडकीला बसवली. अचूक. आयुष्यात कुठलं काम त्यानं इतकं अचूक केलं नव्हतं. ह्या वेळी मापात पाप नव्हतं.

दोघांनी मिळून धाकट्याला खिडकीशी बसवलं. त्यानं कोपर कडेवर टेकवलं आणि जरासा थांबला.

"बरोबर आहे, दादा," तो म्हणाला. "अगदी मापात आहे."

तेच शब्द. दादाला ते ओळखू आले. मागच्या खेपेला हे शब्द ऐकले तेव्हा तो फळीकडे बघत होता, साहेबांकडे बघत होता. आता त्यानं भावाच्या चेहऱ्याकडे बघितलं. ओठ आवळलेले होते. मग त्यानं खांद्याकडे बघितलं. इतकी वर्षं वर चढून बसलेला, वरच धरलेला तो खांदा खाली यायला तयार नव्हता. कोपर फळीला जेमतेम लागत होतं आणि सगळा हात लोंबत होता, दुखऱ्या सांध्यावर.

"खरं सांग," दादा म्हणाला.

"बरोबर आहे रे."

"मी तुझा दादा आहे. एकदा तरी मला खरं सांग."

धाकट्याचे डोळे भरले. "जरा वर घे," तो म्हणाला.

किती, हे विचारायची गरज नव्हती. दादा अंगणात गेला. उरलेल्या तुकड्यातून एक पट्टी कापली, पाऊण इंच जाडीची, रंधा मारला. जी चूक सुधारायची होती ती तो स्वतःच्या हातानं पुन्हा करत होता, कारण आता भावाला तीच सोसवत होती. ती पट्टी त्यानं फळीवर ठोकली. खिळ्यांची डोकी आत बसवली, टोचू नयेत म्हणून.

धाकट्यानं कोपर ठेवलं आणि एक लांब श्वास सोडला. कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा सैल पडला. समोरून एक मालगाडी चालली होती, नव्या इंजिनाची, वाट्या किणकिणायला लागल्या. तो बाहेर बघत राहिला. मग त्यानं बरा हात हवेत उचलला, हँडल धरल्यासारखा, आणि ओठांचा चंबू केला. आवाज आला नाही. नुसती हवा आली, तीही थोडीच. त्यानं पुन्हा प्रयत्न केला आणि ठसका लागला.

दादानं त्याची पाठ चोळली. मग तो वाकून भावाच्या कानाशी आला आणि म्हणाला, "पोंऽऽ." आधी आखूड. मग लांब.

भावजय हात पुसत दारात आली आणि तिथेच थांबली. धाकटा डोळे मिटून हसत होता.

त्यानंतर तो फार दिवस राहिला नाही. गेला तो त्या खिडकीशीच, बसल्या बसल्या, कोपर जागेवर. दादा भाजी आणायला गेला होता.

माणसं आली, गेली. घर आवरलं गेलं. औषधांच्या बाटल्या गेल्या, उशा उन्हात टाकल्या. भावजयीनं मागच्या खोलीला धुतलेला पडदा लावला, तो सारखा त्या कडेवर ठोकलेल्या पट्टीला अडकायला लागला. दादा आता बहुतेक दुपारी तिथेच बसायचा, खिडकीत कोपर टेकून. त्याचा खांदा वर चढायचा आणि दुखायचा, पण तो हात खाली घ्यायचा नाही.

"दादा," ती एकदा म्हणाली, "ती वरची पट्टी तेवढी काढता का? पडदा फाटतोय. आणि तुमच्या मापाचीही नाही ती."

दादानं पट्टीवरून हात फिरवला.

"राहू दे," तो म्हणाला. "त्याच्या मापाची आहे."